परदेशी जाणाऱ्या लेकराची शिदोरी



आपल्या भंडारा जिल्ह्यात आता अधूनमधून एक आनंदाची बातमी कानावर येते. कुठे साकोलीकडचा मुलगा, कुठे तुमसर-मोहाडीकडची मुलगी शिष्यवृत्ती घेऊन परदेशी शिकायला निघते. विहारात सत्कार होतो, पुष्पहार पडतात, भाषणे होतात. आई-बाप एका कोपऱ्यात अवघडून बसलेले असतात. जन्मभर विड्या वळलेल्या, नाही तर दुसऱ्याच्या बांधीत रोवणे केलेल्या हातांना एवढ्या टाळ्यांची सवय नसते.

सत्कार झालाच पाहिजे. पण सत्काराच्या दुसऱ्या दिवशी घरात जे बोलणे सुरू होते, त्याबद्दल आम्हांला आज लिहायचे आहे. आई म्हणते, "पोरगी जाईन तं खरी जी, पर वापस येईन का?" बाप मनातल्या मनात विमानाच्या तिकिटाचा आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब करत असतो. धाकट्या भावाला आपल्या शिक्षणाचे काय होईल ही काळजी. आणि जिच्यासाठी हे सगळे चालले आहे ती मुलगी गप्प असते, कारण आपली इंग्रजी तिथे चालेल का, आपल्याला कोणी हसेल का, ही धास्ती तिने अजून कोणालाच सांगितलेली नसते.

या घराला आम्ही काय सांगावे? उपदेश करणे सोपे आहे. त्यापेक्षा परदेशात राहून शिकलेल्या आणि शिकवलेल्या दोन माणसांची हकिगत सांगावी, असे आम्हांला वाटते. एक आपले बाबासाहेब. दुसरे धर्मानंद कोसंबी, ज्यांचे नाव आपल्या घरांत असायला हवे तेवढे घेतले जात नाही.

दोन प्रवासी, एकच दाता

धर्मानंदांचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातील साखवाळ गावचा. नारळाच्या बागेची राखण करणारा हा तरुण. मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांच्या मनाने घेतले की बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. १८९९ साली ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे फिरत ते सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी पालि भाषा शिकली. पुढे ब्रह्मदेशात राहिले. १९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना 'विसुद्धिमग्ग' या पालि ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. पुढे आणखी तीन वेळा ते तेथे गेले. १९२९ साली रशियात लेनिनग्राडला जाऊन त्यांनी पालि शिकवली.

बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ साली ते लंडनला गेले. पैशाअभावी १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि तेथील पदव्या पुऱ्या करून १९२३ साली आले.

दोघांनाही मदतीचा हात मिळाला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा. कोसंबींना महाराजांनी महिना ५० रुपये दिले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचे आणि आपल्या भाषेत लिहायचे. कलकत्ता विद्यापीठ त्यांना महिना २५० रुपये द्यायला तयार असताना ते सोडून कोसंबींनी हे ५० रुपये पत्करले. बाबासाहेबांना महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट अशी की परतल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची.

दाता एक, काळ जवळपास एक, देशही एक. पण दोघे परत आले तेव्हा काय झाले, हे लेकराला पाठवण्यापूर्वी प्रत्येक घराने एकदा वाचून ठेवावे.

परतल्यावर काय झाले

कोसंबी १९१२ साली परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवू लागले. राहायला घर मिळाले, वर्ग मिळाला, विद्यार्थी मिळाले. या विद्वानाची योग्यता मोठी होती, यात शंका नाही. पण जन्माने ते सारस्वत ब्राह्मण होते. काशीत शिकताना त्यांना अन्नछत्रात जेवता आले. पुण्यात संस्कृत शिकायला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे दार उघडे होते. विद्येच्या भुकेला जातीचा अडथळा आला नाही.

बाबासाहेब १९१७ च्या सप्टेंबरमध्ये अटीप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. कोलंबियाची पदवी हातात होती, पण शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. ते कामाठी बागेत बसून राहिले. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी ही हकिगत सांगितली आहे. युरोप-अमेरिकेत पाच वर्षे काढल्यावर आपण अस्पृश्य आहोत ही गोष्टच मनातून पुसली गेली होती, असे ते तिथे लिहितात. स्टेशनवर उतरताच ती पुन्हा समोर उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९१८ च्या अखेरीस, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्यार्थी मात्र त्यांच्या वर्गाला गर्दी करीत.

यातून आम्ही असा धडा घेतो. परदेशात आपल्या लेकराला जो साधा मान मिळतो, दुकानात, बसमध्ये, वर्गात मिळतो, तो कोणाची मेहेरबानी नव्हे. माणसाला मिळायला हवा तेवढाच तो आहे. एकदा तो अनुभवला की परत आल्यावर कमीवर समाधान होत नाही, आणि होऊही नये. बाबासाहेब परदेशातून पदव्या घेऊन आले हे आपण सांगतो. आपली किंमत किती हे जोखण्याचे मापही ते तिथून घेऊन आले, हे सांगायला आपण विसरतो.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समुद्र ओलांडला की जात मागेच राहते, या भ्रमात कोणी राहू नये. ती आपल्याच देशाच्या माणसांबरोबर बोटीतून, विमानातून जाते. आडनाव विचारणे, 'कुठल्या आळीतले' विचारणे, जेवणाच्या पंगतीवरून अंदाज बांधणे, हे तिकडेही चालते. म्हणून तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ साली भेदभावाच्या बंदीत जातीचा उल्लेख घातला आणि सिएटल शहराने २०२३ च्या फेब्रुवारीत जातिभेदाविरुद्ध कायदा केला. सिएटल हे असे करणारे अमेरिकेतील पहिले शहर. तेव्हा मुलीला निघताना सांगून ठेवावे की, बाई, तिकडे कोणी असे वागले तर आपलेच काही चुकले असे समजू नकोस. तारीख, वेळ, काय बोलले ते लिहून ठेव आणि विद्यापीठाच्या तक्रार कार्यालयात जा. तिथे विचारायला जाण्यात कमीपणा नाही.

नावाचा प्रश्न

कोसंबींच्या हकिगतीतली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. हार्वर्डला ज्या ग्रंथाचे काम होते ते हेन्री वॉरन या विद्वानाने सुरू केले होते. वॉरन १८९९ साली वारले. पुढचे काम प्राध्यापक लॅनमन यांच्या देखरेखीखाली कोसंबींनी करायचे होते. कोसंबी दिवसरात्र राबले. पण ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे यावरून मतभेद झाला. आपल्या कामाचे श्रेय आपल्याला मिळावे एवढेच कोसंबींचे म्हणणे होते. ते मान्य होईना, तेव्हा ते काम सोडून १९१२ साली मायदेशी निघून आले.

विचार करा. परका देश, परकी भाषा, समोर नामांकित प्राध्यापक. बहुतेकांनी मान खाली घालून पगार घेतला असता. कोसंबींनी भांडण वाढवले नाही, शिवीगाळ केली नाही, पण नमलेही नाहीत. पुढे काय झाले? १९१८ साली त्यांनाच पुन्हा बोलावणे आले, कारण ते काम करू शकणारा तसा दुसरा माणूस नव्हता. देवनागरी लिपीतील 'विसुद्धिमग्ग' त्यांनी १९४० साली मुंबईत प्रसिद्ध केला. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली. तिच्यावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव आहे. ते पाहायला मात्र कोसंबी हयात नव्हते. १९४७ च्या जूनमध्ये आपल्या विदर्भातच, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, त्यांचा देह पडला होता.

आपली माणसे कारखान्यात, गिरणीत, कंत्राटदाराकडे काम करतात. हजेरीच्या वहीत आपले नाव बरोबर लिहिले आहे की नाही हे पाहण्याची आपल्याला सवय आहे. तीच सवय लेकराने परदेशातही ठेवावी. प्रयोगशाळेत काम केले, वर्ग घेतला, कोणाच्या पुस्तकाला मदत केली, तर आपले नाव कुठे येणार हे सुरुवातीलाच नम्रपणे आणि लेखी विचारून घ्यावे.

आधी विद्यार्थी, मग शिक्षक

परदेशी शिकवायला जाणाऱ्या माणसाला आपण मोठे समजतो. पण कोसंबी पालि शिकवू शकले, कारण त्याआधी कित्येक वर्षे ते परक्या देशात विद्यार्थी म्हणून राहिले होते. सिंहलद्वीपात त्यांना तिथले अन्न मानवेना, प्रकृती बिघडली. भाषा नवी, चालीरीती नव्या. तरी वयाची पंचविशी ओलांडल्यावर ते श्रामणेर होऊन मुळाक्षरांपासून शिकले. ज्याला स्वतःला एकेका शब्दासाठी अडावे लागले, त्याला वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाची अडचण कळते.

म्हणून इंग्रजीची लाज बाळगू नये, असे आम्ही मुलामुलींना सांगतो. झाडीबोली बोलणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला तिकडे पहिले दोन-तीन महिने जड जातील. समोरचा भराभर बोलेल, विनोद कळणार नाही, फोनवर तर काहीच कळणार नाही. हे सगळ्यांचे होते. न समजलेले 'पुन्हा सांगा' म्हणून विचारणारा लवकर शिकतो. समजल्यासारखी मान हलवणारा वर्षभर मागे राहतो. आणि पुढे शिकवण्याची वेळ आली तर हाच अनुभव भांडवल म्हणून उपयोगी पडतो.

घरी राहिलेल्यांचा हिशेब

आता माता-भगिनींनी विशेष लक्ष द्यावे अशी बाजू. कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. सुमारे सात वर्षे त्या माउलीने नवऱ्याविना काढली. बाबासाहेब परदेशी असताना रमाईंनी संसार कसा चालवला हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. पाचपैकी चार लेकरे त्या माउलीने गमावली. थोरांच्या चरित्रात ग्रंथांची यादी मोठी असते आणि घरच्या उपाशी दिवसांची यादी नसते. पण त्या दिवसांवरच ते ग्रंथ उभे राहिले.

कोसंबींनी पुढे ही गोष्ट सुधारली. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा माणिक आणि दामोदर या दोन मुलांना बरोबर घेऊन गेले. माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला आणि पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक झाला. मुलाइतकेच मुलीलाही त्यांनी शिकवले. बाबासाहेबांनीही न्यूयॉर्कला पोचल्यावर थोड्याच दिवसांत घरच्या स्नेह्याला पत्र लिहून मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. दोघांनी परदेशात काय पाहिले, हे यावरून कळते. तिथे वर्गात, ग्रंथालयात, रस्त्यावर शिकलेल्या स्त्रिया वावरताना त्यांनी पाहिल्या.

आज पाठवणाऱ्या घराने आधीच बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, पैशाची. शिष्यवृत्तीचा हप्ता कधीकधी उशिरा येतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांची तजवीज आधी करावी, पण सावकाराकडे शेत लावून नव्हे. दुसरी, बोलण्याची. आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता फोन होणार ते ठरवावे, कारण घड्याळे वेगळी असतात आणि आईचा जीव वेगळ्या वेळी घाबरतो. तिसरी, धाकट्यांची. मोठ्याच्या परदेशासाठी धाकटीची शाळा सुटता कामा नये. ती सुटली तर घराने एक लेकरू पुढे आणि एक मागे केले असे होईल.

आणि लेकराने घरी खरे सांगावे. तिकडे थंडीने हातपाय फुटले, खोलीत एकटे रडू आले, एका विषयात कमी गुण पडले, तर 'सगळे छान आहे' एवढेच सांगू नये. ज्या आईने पावसात रोवणे केले, तिला थंडी कळते.

परत येणे म्हणजे काय

"वापस येईन का?" या आईच्या प्रश्नाला आम्ही छातीठोक उत्तर देऊ शकत नाही. काही येतील, काही तिकडेच राहतील. राहणाऱ्याला नावे ठेवू नयेत. पण मिळवलेली विद्या परत आली पाहिजे, मग माणूस कुठेही राहो.

कोसंबींनी फर्ग्युसन कॉलेजात ज्यांना पालि शिकवली त्यांत पु. वि. बापट होते. भगवान बुद्धांच्या २५०० व्या वर्षानिमित्त १९५६ साली भारत सरकारने जो इंग्रजी ग्रंथ काढला, त्याचे संपादक हेच प्रा. बापट. कोसंबींनी 'भगवान बुद्ध' हे पुस्तक मराठीत लिहिले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बाजूला ठेवून, शाक्य आणि कोलिय यांच्या भांडणाचा संबंध त्यांनी गृहत्यागाशी जोडला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या त्या भांडणाचा प्रसंग १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आपण वाचतो. कोलंबोला एका गोव्याच्या तरुणाने गिरवलेली मुळाक्षरे कुठवर पोचली, ते यातून दिसते.

आपल्या जिल्ह्याला तर या विद्येची खास गरज आहे. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूप निघाला. दगडांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहेत. साध्या उपासक-उपासिकांनी दान दिल्याची ती नोंद आहे. वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी आपली नावे दगडावर कोरून ठेवणारी माणसे होती, आणि आज ती वाचू शकणारी आपली मुले किती? पवनीजवळच रुयाडला जपानी बौद्धांच्या मदतीने महासमाधी भूमी स्तूप उभा राहिला. जपानमध्ये तेंदाई परंपरेत शिकून आलेल्या भदंत संघरत्न माणके यांचे ते काम. परदेशी विद्या गावाच्या उपयोगी पडते याला दूरचे उदाहरण शोधायला नको.

शेवटी कामाचे दोन शब्द. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. बाबासाहेब भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहून हरले तेही साल १९५४ च. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे. अटी, उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठांचा दर्जा यांचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. भंडाऱ्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारणा करावी. जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट ही कागदपत्रे पदवीच्या शेवटच्या वर्षातच तयार ठेवावीत, कारण अनेक हुशार मुलांची संधी अभ्यासात नव्हे तर कागदात अडकते. पैसे घेऊन शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे.

आणि विहारात पुढचा सत्कार होईल तेव्हा हारांचा खर्च थोडा कमी करावा. त्या पैशातून त्या मुलीला एक चांगला गरम कोट घेऊन द्यावा. पहिल्या हिवाळ्यात त्याची तिला फार गरज पडेल.